मुंगी नाही म्हणाली

तिचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वेळी एकदा आणि लग्नाच्या वेळी एकदा मोठ्याने उच्चारलं गेलं असेल, तेवढंच. बाकी सगळा जन्म लोक तिला मुंगी म्हणत आले. अंगाने बारीक, रंगाने सावळी, आणि कधी बघावं तर स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याची नजर चांगली होती एवढं खरं. चर्चमधली फुलं, आजाऱ्यांच्या भेटी, कुणाचं बाळंतपण, कुठलंही काम निघालं की बायका म्हणायच्या, मुंगीला सांगा, ती कुठे नाही म्हणतेय. आणि मुंगी खरोखरच नाही म्हणत नसे.

ती कॉन्व्हेंटमध्ये नोकरीला होती. मागच्या अंगणातल्या बुटक्या खोलीत चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेसाठी लागणारे होस्ट भाजायचे, म्हणजे वेदीवर ठेवतात आणि मग माणसांच्या जिभेवर देतात त्या पातळ पांढऱ्या चकत्या. काम दिसायला सोपं होतं. गव्हाचं बारीक पीठ आणि पाणी, तिसरं काही नाही. चिमूटभर मीठ पडलं तरी सगळं बाद. सरसरीत भिजवलेलं पीठ तापलेल्या लोखंडी पाट्यावर पळीने ओतायचं, वरचा पाटा दाबायचा, चर्र करून वाफ निघून गेली की कागदासारखा पापुद्रा सोडवून घ्यायचा. ते पापुद्रे ओलसर फडक्यात ठेवून जरा नरम होऊ द्यायचे, नाहीतर कापताना भुगा होतो. मग गोल चकत्या पाडायच्या, फुटक्या निवडायच्या, डबे भरायचे. आसपासच्या सगळ्या चर्चमध्ये इथूनच डबे जात. खोलीवर देखरेख होती ती कंबरेत वाकलेल्या एका म्हाताऱ्या सिस्टरची. तिची जीभ एवढी तिखट की नव्या नन्स तिच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. मुंगीवर मात्र तिचा जीव होता. "हिच्या हाताला डोळे आहेत," असं ती पाहुण्यांना सांगायची.

मुंगीचा नवरा वीज खात्यात लाइनमन होता. दारू नाही, शिवी नाही, पगार आणून बायकोच्या हातात द्यायचा. शिवाय देवाने त्याला वाचा दिली होती. लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग तो चर्चच्या हॉलमध्ये घ्यायचा. ख्रिस्ती घर कसं असावं, नवऱ्याने बायकोवर प्रेम कसं करावं, म्हाताऱ्यांची सेवा म्हणजे देवाचीच सेवा कशी, हे तो असं सांगायचा की ऐकणाऱ्या मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या बाहेर पडताना मुंगीचा हात धरून म्हणायच्या, तुम्ही किती भाग्यवान. मुंगी हसायची. तिलाही तसंच वाटायचं. फक्त तो वर्ग घ्यायला गेला की घरी म्हातारीला कूस बदलून द्यायला दुसरं कुणी नसायचं, आणि म्हातारी होती अंगापिंडाने चांगली भरलेली.

म्हातारी म्हणजे लाइनमनची आई. अर्धांगाचा झटका येऊन तिची डावी बाजू गेली होती आणि डोकंही निम्मं गेलं होतं. दिवसा डोळे मिटून पडायची आणि रात्री उठून माहेरी जायला निघायची. एका पायाने निघणार कुठे, धाडकन पडायची. म्हणून मुंगीने तिच्या चांगल्या मनगटाला फडक्याची पट्टी बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधलं. ओढ बसली की जाग यायची. रात्रभर ओढ बसतच असायची. लाइनमनला पहाटे खांबावर चढायचं असे. झोप नीट झाली नाही तर जिवाशी खेळ, म्हणून तो आतल्या खोलीत दार लावून झोपायचा. हे मुंगीनेच ठरवून दिलं होतं. त्यानेही एकदोनदा नको नको म्हणून मान्य केलं.

आणि मुंगीला म्हातारी परकी नव्हती. मुंगी लग्न होऊन आली तेव्हा तिला आई नव्हती. पहिल्या बाळंतपणात हिनेच तिला पाण्यात हात घालू दिला नाही, तिचे कपडे धुतले, मुलगी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्या स्वतःच्या लेकीला दारातूनच परत पाठवलं. हे मुंगी विसरली नव्हती. विसरता आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

दमणूक एकाएकी आली नाही. आधी ती दुकानात पैसे देऊन सामान तिथेच विसरून येऊ लागली. मग उघड्या कपाटासमोर उभी राहायची आणि आपण काय घ्यायला आलो ते आठवायचं नाही. एकदा चमचा हातातून पडला तर ती जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली, आणि धाकट्या लेकीने विचारलं तर म्हणाली, चमचा पडला ना गं. नंतर नंतर तेही थांबलं. जेवणाला चव नाही, रडायला पाणी नाही. चर्चमध्ये सगळे गात असताना तिला वाटायचं, आपण काचेच्या पलीकडून बघतोय. संध्याकाळच्या रोजरीच्या जपमाळेला गुडघे टेकले की तिसऱ्या रहस्याला, म्हणजे माळ निम्मी होताच, तिची मान पडायची. लाइनमन पाहुण्यांसमोर चेष्टेने म्हणायचा, "आमच्या हिला स्वर्गात जागा पक्की आहे, पण खाटेसकट." सगळे हसायचे. तीही हसायची.

यावर तिला एकच उपाय सुचला, पापनिवेदन. तिने जाळीपलीकडच्या फादरना सांगितलं, मला आळस येतो, प्रार्थनेत मन नाही, सासूवर चिडते. फादरांच्या वाट्याला तीन चर्च होती आणि बाहेर रांग लागली होती. त्यांनी कळवळून धीर दिला आणि प्रायश्चित्त म्हणून रोज थोडी जादा प्रार्थना सांगितली. त्यांना काय माहीत, ती जादा प्रार्थना मुंगी कुठल्या वेळात बसवणार ते. तिने तो वेळ झोपेतून कापला.

त्या दिवसाची गोष्ट अशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की म्हातारीचा घसा आता पातळ पदार्थ धरत नाही. पाणी, दूध, चहा, काहीही द्यायचं तर त्यात घट्ट करायची पांढरी पावडर घालूनच, नाहीतर घोट सरळ फुप्फुसात उतरेल. आदल्या संध्याकाळी मुंगीने हॉस्पिटलच्या दुकानातून महिन्याची पावडर आणली आणि येता येता गिरणीतून कॉन्व्हेंटचं पीठ घेतलं. दोन्ही पांढऱ्या कागदी पिशव्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सकाळी एक पिशवी म्हातारीच्या डब्यात रिकामी केली, दुसरी खांद्याच्या झोळीत टाकली. मग डब्यातलं चमचाभर दुधात ढवळून म्हातारीला पाजलं. म्हातारीला ठसका लागला, चांगलाच लागला. मुंगीने पाठ चोळली, तोंड पुसलं, मोठ्या लेकीला सांगितलं आजीकडे लक्ष ठेव, आणि निघाली, कारण उशीर झाला होता.

कॉन्व्हेंटमध्ये तिने पिशवी पातेल्यात ओतली आणि पाणी घातलं. पीठ एकदम घट्ट झालं. तिने आणखी पाणी घातलं. ते पुन्हा घट्ट झालं. तिने पुन्हा पाणी घातलं. इतकी वर्षं हेच काम केलेल्या बाईला पहिल्या ढवळण्यातच कळायला हवं होतं. तिला कळलं नाही. पापुद्रे काचेसारखे आणि चिवट निघू लागले, पाट्याला चिकटू लागले, आणि ती सुरीने खरवडत, पुन्हा ओतत, पुन्हा खरवडत राहिली. सिस्टर काठी टेकत आली, एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि हातात थुंकली.

"हे काय आहे?"

"पीठ," मुंगी म्हणाली.

सिस्टरने पिशवी उलटी केली, तळाची पावडर बोटावर घेतली, जिभेला लावली. मग तिने पाट्याखालची शेगडी बंद केली आणि मुंगीला स्टुलावर बसवलं. ओरडली नाही. मुंगीला त्याचीच भीती वाटली. सिस्टरने विचारलं, शेवटची पोटभर झोप कधी झाली होती? मुंगी आठवू लागली. धाकटीच्या शाळेच्या आधी, की नंतर? तिला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. हसता हसताच तिची नजर त्या रिकाम्या पिशवीवर गेली. पावडर इथे आहे. मग घरी डब्यात काय आहे?

चप्पल तिथेच राहिली. ती अनवाणी धावत सुटली. घरी पोचली तेव्हा मोठी दारातच उभी होती. म्हणाली, आजीला मघाशी चहा दिला, तू नेहमी सांगतेस तसा पावडर घालूनच, तेव्हापासून तिला धाप लागलीये. म्हातारीचे ओठ निळे पडले होते आणि छातीतून घरघर येत होती. कपाच्या तळाशी पिठाचा गोळा बसला होता.

हॉस्पिटलमध्ये लाइनमन कामाच्या कपड्यांतच आला. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सकाळपासून काय काय दिलं? लाइनमनच बोलला. म्हणाला, नेहमीचंच, पावडर घालूनच देतो आम्ही, माझी बायको त्याबाबतीत फार काटेकोर आहे.

"पावडर नव्हती," मुंगी म्हणाली. "पीठ होतं. मी अदलाबदल केली."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या. बाहेरच्या बाकावर लाइनमनने बायकोचा हात हातात घेतला. म्हणाला, चूक कुणाच्याही हातून होते, देव मन बघतो, आपण प्रार्थना करू. मग आवाज उतरवून म्हणाला की थोरल्या बहिणीला मात्र हे सांगायची गरज नाही, आणि चर्चमध्येही नको, शनिवारी वर्ग आहे, लोकांना उगाच विषय मिळेल. मुंगीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी धावत येत होते ना, तेव्हा माझ्या मनात आलं, संपलं असेल तर आज झोपायला मिळेल."

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग तिच्याकडे पाहिलं. एव्हाना उशीर झाला होता. तिला जे कळायचं ते कळून चुकलं होतं.

म्हातारी त्या खेपेला वाचली. फुप्फुसात गेलेलं दूध आणि चहा, त्यावर आलेला ताप, या सगळ्यातून ती तरली आणि नाकात नळी घेऊन घरी जायला तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नळी ती ओढून काढेल, म्हणून चोवीस तास कुणीतरी जागं हवं. सगळ्यांनी मुंगीकडे पाहिलं. म्हणजे मुद्दाम पाहिलं असं नाही. आपोआप माना वळल्या.

"नाही," मुंगी म्हणाली.

लाइनमनला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा समजावून सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, नाही. मी नेणार नाही. माझ्याने होणार नाही.

लाइनमनची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, ती डब्याची पिशवी घेऊन बाजूलाच उभी होती. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणारी तीच ही. तिची जीभ अशा वेळी सुटायची.

"का गं मुंगे? देवाच्या भाकऱ्या भाजून हात एवढे पवित्र झाले का, की आता आईचं अंग पुसवत नाही?"

"पुसलंय, ताई."

"मग? जड झाली वाटतं म्हातारी."

"हो," मुंगी म्हणाली. "जड झाल्या. माझ्याकडे ठेवल्यात तर माझ्या हातून मरतील. एकदा मरता मरता वाचल्या." आणि तिने पिठाची सगळी हकिकत जशी घडली तशी ताईला सांगितली. लाइनमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ताईने त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. म्हातारीला तिने आपल्या घरी नेलं ते बहुतेक रागाच्या भरातच. रात्री भाऊ-बहिणींनी वाटून घेतल्या. जिवंत सून घरात असताना पोरगा रात्रीचा आईपाशी बसतो, ही गोष्ट गल्लीत फिरायला वेळ लागला नाही. चर्चच्या पायरीवर बायका मुंगीला बघून बोलणं थांबवायच्या. सासूला मारायला निघाली होती, इथपर्यंत मजल गेली. जोडप्यांच्या वर्गाला येणारी माणसं कमी झाली. मग एका शनिवारी लाइनमनने स्वतःच हॉलची किल्ली फादरांना देऊन टाकली.

मुंगीला वाटलं होतं की आता झोप येईल. आली नाही. गादीवर पडलं की मनगट आपोआप ताठ व्हायचं. रात्री ठराविक वेळी ती दचकून उठून बसायची आणि रिकाम्या खाटेकडे बघायची. सिस्टरने तिला बजावून ठेवलं होतं की बोलावल्याशिवाय कामावर यायचं नाही. मुंगीने त्याचा अर्थ नोकरी गेली असाच घेतला. आठवडाभराने सिस्टरने तिची चप्पल पाठवली आणि सोबत निरोप दिला, जागा तुझीच आहे, पण आधी सरकारी दवाखान्यात जाऊन ये, प्रार्थनेने रक्त वाढत नाही. निरोप सिस्टरला शोभेसाच होता. दवाखान्यात गोळ्या दिल्या आणि सांगितलं की ही दमणूक यायला लागला तेवढाच वेळ जायला लागेल. मुंगीला हे ऐकून बरं वाटलं नाही, पण पहिल्यांदा कुणीतरी त्याला दमणूक म्हटलं होतं.

घरात आता मोठी स्वयंपाक करायची. न सांगता भांडी घासायची, धाकटीची वेणी घालायची, कुणी काही मागितलं की हो म्हणून उठायची. मुंगी अंथरुणातून बघत राहायची. एका दुपारी अभ्यासाचं पुस्तक पालथं टाकून मोठी ताईकडून आलेले म्हातारीचे कपडे धुवायला निघाली. मुंगीने तिला हाक मारून पाशी बसवलं. कपडे राहू देत, म्हणाली. पोर म्हणाली, मग कोण धुणार? कपडे तसेच बादलीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वास आला. लाइनमनने घरी आल्यावर ते धुतले. त्याला पिळता येत नव्हतं, दोरीवरून पाणी गळत राहिलं.

तो वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं, बोलणं कमी झालं होतं, आणि प्रार्थना तो आता घाईघाईने उरकायचा. खात्याने त्याला खांबावरून उतरवून गोदामात बसवलं, हे त्याने घरी दोन आठवड्यांनी सांगितलं. एकदा जेवताना ताट बाजूला सारून म्हणाला की काल मी आईवर हात उगारला होता, मारला नाही, पण उगारला होता. मुंगीने ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. कधीतरी याच खोलीत तिनेही उगारला होता.

एका सकाळी, उजाडून गेलं होतं आणि मुली अजून उठायच्या होत्या, तेव्हा तो ताईकडून चालत घरी आला आणि दारातच उभा राहिला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. एक चप्पल काढून त्याने हातात धरली होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

"आई गेली," तो म्हणाला.

मुंगीने हातातली चप्पल काढून घेतली, त्याला आत आणून कॉटवर बसवलं. त्याने तुटक तुटक सांगितलं. तो आईचा हात धरून खुर्चीत बसला होता. डोळा लागला. जाग आली तेव्हा हात गार होता आणि नळी उशीवर पडली होती. तिने ओढली का आपोआप निघाली, माहीत नाही. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, तुम्ही जागे असता तरी कदाचित काही करता आलं नसतं.

"कदाचित म्हणाले," तो म्हणाला. "ताईला मी सांगितलं, मी जागाच होतो. तू कुणाला बोलू नकोस."

मुंगीच्या जिभेवर एक शब्द आला होता, चांगला टोकदार. हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यापासून तो तिने जपून ठेवला होता. पण समोर बसलेल्या माणसाचे डोळे उघडे असून बघत नव्हते. ही अवस्था तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शब्द तिने गिळला. त्याचे बूट असते तर काढले असते. चप्पलच होती, म्हणून उरलेली तेवढी काढली आणि त्याचे पाय उचलून कॉटवर घेतले.

तो छताकडे बघत म्हणाला, "हात गार लागला ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं गं. आधी बरं वाटलं. मग रडू आलं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं की ताईला हे सांगावं लागेल, आज नाही, आधी माती होऊ दे, पण सांगावं लागेल. नाहीतर तुम्ही पुन्हा कधी डोळा मिटू शकणार नाही. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

जिन्यावर पावलं वाजली, बरीच, आणि त्यात ताईचं रडणं होतं. ती भावाला हाका मारत येत होती. फादरांना सांगायला कोण जाणार, पेटी कोण आणणार, लोक यायला लागलेत, तू कुठे जाऊन बसलास. लाइनमन कोपरावर उठू लागला. मुंगीने त्याला खांद्याला धरून पुन्हा झोपवलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. ताई समोर आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दोघी समोरासमोर आल्या होत्या.

"ते आत्ता उठणार नाहीत, ताई," मुंगी म्हणाली. "काय करायचं ते मला सांगा. सगळं मी करणार नाही. पण सांगा."